दाढेचा ठणका आणि हप्त्याचा कागद : वाचकांचे प्रश्न

दातांच्या खर्चाविषयी या वेळी आलेल्या पत्रांत तक्रार जवळपास एकच आहे. रात्री दाढ ठणकते, सकाळी खर्चाचा आकडा कळतो आणि दुपारी, अजून अर्धा जबडा बधिर असताना, कर्जाच्या अर्जावर सही होते. विचार करायला मधे वेळच मिळत नाही. हा राग रास्त आहे. दंतवैद्यक आणि कर्जव्यवहार, दोन्ही जाणणाऱ्या आमच्या सल्लागारांनी पुढची उत्तरं दिली आहेत. आकडे कोणत्याही चलनाला लागू पडतील असेच घेतले आहेत.

प्रश्न : खालच्या दाढेला रूट कॅनाल लागेल असं दोन डॉक्टरांनी सांगितलं. पण एकाचा आकडा दुसऱ्याच्या अडीचपट आहे. यातलं लुबाडतंय कोण?

उत्तर : कदाचित कुणीच नाही. दोघांनी वेगवेगळ्या कामांचे आकडे सांगितले असण्याची शक्यता जास्त आहे. ‘रूट कॅनाल’ या दोन शब्दांत काय काय धरलंय, ते आधी विचारा.

पूर्ण काम असं चालतं. एक्स-रे काढून मुळांचा आकार पाहायचा. भूल द्यायची. दाताभोवती रबराचा पातळ पडदा, म्हणजे ‘रबर डॅम’, ताणून बसवायचा, म्हणजे लाळ आत जात नाही. वरून छिद्र पाडून आतला सुजलेला किंवा मेलेला गर काढायचा. मग फाइल नावाच्या बारीक कानशींनी प्रत्येक नळी मुळाच्या टोकापर्यंत साफ करायची, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने पुन्हा पुन्हा धुवायची, कोरडी करायची आणि गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरून बंद करायची. इथे रूट कॅनाल संपतं, पण दाढेचं काम संपत नाही. पोखरलेला वरचा भाग पुन्हा बांधावा लागतो, त्याला ‘बिल्ड-अप’ म्हणतात. त्यावर कॅप बसते. कमी आकडा सांगणाऱ्याने बहुतेक वेळा नळ्या भरण्यापर्यंतचंच काम धरलेलं असतं.

दुसरा फरक वेळेचा. पुढच्या दाताला बहुधा एकच नळी असते. खालच्या पहिल्या दाढेला साधारण तीन, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेत चौथी नळी बऱ्याचदा असते आणि ती इतकी बारीक असते की नुसत्या डोळ्यांना सापडत नाही. नळी राहून गेली की काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मुळाशी पुन्हा पस धरतो, आणि तेच काम दुसऱ्यांदा, पहिल्यापेक्षा जास्त पैशांत करावं लागतं. मायक्रोस्कोप वापरणारा, रबराचा पडदा लावणारा, एका दाढेला दीड तास देणारा डॉक्टर महाग पडतो तो यामुळे. अर्थात महाग आकडा सांगणारा प्रत्येक जण हे सगळं करतोच असं नाही. म्हणून विचारायचं : “रबर डॅम लावता का? नळ्या किती सापडतील असं वाटतं? शेवटचा एक्स-रे मला मिळेल का?” त्या शेवटच्या एक्स-रेत पांढरी रेघ मुळाच्या टोकाच्या अगदी जवळ, साधारण एक-दोन मिलिमीटर अलीकडे थांबलेली दिसायला हवी. टोकापासून खूप अलीकडेच ती संपली असेल, तर कारण विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

दोन्हीकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात दाताचा क्रमांक, एक्स-रे, रूट कॅनाल, बिल्ड-अप, पोस्ट (मुळात रोवलेली आधाराची काडी) लागणार असेल तर पोस्ट, कॅप आणि कॅप कशाची, हे वेगवेगळ्या ओळींत हवं. क्रमांक जगात बहुतेक ठिकाणी दोन अंकी लिहितात : पहिला अंक जबड्याचा कोणता चतुर्थांश ते सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात ते. ३६ म्हणजे खालची डावी पहिली दाढ. अमेरिकेतल्या पद्धतीत याच दाढेला १९ म्हणतात. बिलावर एक पद्धत आणि विम्याच्या अर्जावर दुसरी पडली, तर रास्त दावाही परत येतो.

कॅपच्या बाबतीत : नुसत्या धातूची कॅप सर्वांत टिकाऊ, पण दिसायला धातूचीच. धातूवर पोर्सिलेन चढवलेली मधली. तिचं पोर्सिलेन कधी टवका उडून निघतं आणि काही वर्षांनी हिरडीजवळ करडी रेघ दिसू लागते. झिर्कोनिया मजबूत आणि पांढरी, पण महाग. मागच्या दाढेला, जिथे हसताना कुणाची नजर जात नाही, धातूची कॅप घेऊन पैसे वाचवणं हा शहाणपणाचाच निर्णय आहे. पुढच्या दाताचं रूट कॅनाल झालं आणि दाताच्या भिंती शाबूत असल्या, तर कित्येकदा साधं फिलिंग पुरतं. मागच्या दाढेला मात्र कॅप टाळू नका. चावण्याच्या जोराने ती उभी चिरली, तर काढण्यावाचून इलाज उरत नाही आणि रूट कॅनालचे सगळे पैसे पाण्यात जातात.

आणखी एक प्रश्न सगळ्यांत आधी विचारा : “नस अजून जिवंत आहे का?” थंड लागल्यावर कळ येऊन काही सेकंदांत जात असेल, तर गर बहुधा वाचण्यासारखा असतो. अशा वेळी खोल किडीचा तळाचा पातळ थर मुद्दाम ठेवून वर घट्ट फिलिंग करता येतं, किंवा उघड्या पडलेल्या गरावर एमटीएसारखं औषधी सिमेंट लावता येतं. कळ मिनिटभर रेंगाळत असेल, रात्री आपोआप ठणका सुरू होत असेल, तर रूट कॅनालची वेळ आली असं बहुतेक वेळा धरावं लागतं.

प्रश्न : दवाखान्यातच ‘बिनव्याजी हप्ते’ मिळतात म्हणाले. खरंच व्याज नसतं?

उत्तर : व्याज कुणीतरी भरतंच. कोण भरतं, ते कागदावर शोधायचं.

समजा उपचाराची रक्कम ६०,००० आहे आणि १२ महिने ५,००० चा हप्ता. वरवर हिशोब चोख आहे. आता विचारा, “सगळे पैसे आज दिले तर किती?” उत्तर ५४,००० आलं, तर तुम्ही खरं तर ५४,००० चं कर्ज घेऊन ६०,००० फेडताय. वर्षाला जवळपास २० टक्के व्याज झालं, फक्त त्याला व्याज म्हटलेलं नाही. त्यावर ‘प्रोसेसिंग फी’ असेल तर दर आणखी चढतो.

दुसरा सापळा सरसकट व्याजाचा, म्हणजे ‘फ्लॅट रेट’चा. ६०,००० वर १२ टक्के फ्लॅट म्हणजे ७,२०० व्याज, हप्ता ५,६००. बारा टक्के ऐकायला बरे वाटतात. पण सहा महिन्यांनी निम्मं मुद्दल फिटलेलं असतं, तरी व्याज पूर्ण ६०,००० वरच चालू राहतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. बँकेचं १६ टक्क्यांचं घटत्या शिलकीचं कर्ज याहून स्वस्त पडेल. म्हणून दोन कर्जांची तुलना ‘फ्लॅट’ टक्क्यांवर कधी करू नका. तीन आकडे शेजारी शेजारी लिहा : आज हातात, म्हणजे दवाखान्याला, पडणारी रक्कम, शेवटपर्यंत तुमच्या खिशातून जाणारी एकूण रक्कम, फीसकट, आणि महिने. दोन्ही कर्जांची मूळ रक्कम आणि महिने सारखे असतील, तर एकूण रक्कम कमी ते कर्ज स्वस्त.

मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का, हप्ता चुकल्यास काय आकारणार आणि कर्जासोबत न विचारता एखादा विमा जोडलाय का, हेही सहीआधी पाहा. हा जोडविमा सक्तीचा आहे का, असं विचारलं की बऱ्याचदा उत्तर ‘नाही’ असंच येतं.

प्रश्न : ‘१२ महिन्यांत फेडा, व्याज शून्य’ अशा योजनेत अकरा हप्ते भरले. शेवटचा राहिला, तर पूर्ण वर्षाचं व्याज लावलं. हे कायदेशीर कसं?

उत्तर : याला ‘लांबवलेलं व्याज’ म्हणतात. व्याज पहिल्या दिवसापासून साठत असतं. ठरलेल्या तारखेपर्यंत पै न पै फिटली तर ते माफ होतं. थोडी जरी रक्कम उरली, तरी साठलेलं सगळं व्याज एकदम तुमच्या खात्यावर चढतं. दर वर्षाला २४ टक्के धरा. पहिल्या महिन्याला बाकी ६०,०००, मग ५५,०००, असं करत शेवटच्या महिन्याला ५,०००. प्रत्येक महिन्याच्या बाकीवर २ टक्के जोडत गेलात तर बेरीज ७,८०० होते. म्हणजे ५,००० चुकले म्हणून ७,८०० चा भुर्दंड. याचा संताप येणारच. शर्त करारात छापलेली असते, पण फार बारीक अक्षरांत. जिथे असा करार चालतो तिथे ग्राहक अडकतो तो याच ओळीत.

आता करण्यासारखं एवढं : कर्ज देणाऱ्याला लेखी पत्र द्या, आधीचे सगळे हप्ते वेळेवर भरले हे दाखवा, उरलेली रक्कम त्याच दिवशी भरा आणि व्याज माफ करण्याची विनंती करा. पहिल्याच चुकीला काही वेळा माफी मिळते. नाही मिळाली तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि मग तुमच्या देशातल्या कर्जव्यवहारावरच्या नियामकाकडे. सही घेताना ही अट तुम्हाला सांगितली होती का, हा तिथे कळीचा मुद्दा ठरतो.

ज्यांनी अशी योजना आत्ता घेतली आहे त्यांच्यासाठी : बिलावर छापलेला नुसता ‘किमान हप्ता’ भरून थांबू नका. तो बऱ्याचदा एवढा लहान असतो की बारा महिन्यांत कर्ज फिटतच नाही. एकूण रक्कम बाराने नाही, दहाने भागा आणि तेवढी दरमहा आपोआप वळती होईल अशी सोय करा. ६०,००० ला ६,०००. दोन महिने हातात शिल्लक राहतात, मध्ये काही अडलं तरी तारीख चुकत नाही. आणि शेवटी ‘बाकी शून्य’ असा लेखी दाखला मागून घ्या. कुठल्या तरी फीचे शंभर-दीडशे उरले म्हणून सगळं व्याज लागल्याची पत्रं आमच्याकडे याच वेळी दोन आली आहेत.

प्रश्न : दात सरळ करण्याच्या दोन वर्षांच्या उपचाराचं पूर्ण कर्ज पहिल्याच दिवशी दवाखान्याला गेलं. आठव्या महिन्यात दवाखाना बंद. हप्ते मात्र चालू. थांबवू का?

उत्तर : गप्प बसून थांबवू नका. डॉक्टरशी झालेला करार वेगळा, कर्जाचा वेगळा. हप्ता चुकला की पतनोंद खराब होते आणि न्याय तुमच्या बाजूने असूनही नुकसान तुमचंच होतं.

आधी कागद जमवा : उपचाराचा मूळ आराखडा, सह्या केलेले करार, पैसे वळते झाल्याचा पुरावा, शेवटच्या भेटीची तारीख. मग कर्ज देणाऱ्याला लेखी कळवा की सेवा अपुरी राहिली आहे, किती टक्के राहिली आहे, आणि न झालेल्या कामाचे पैसे दवाखान्याकडून वसूल करून कर्जातून वजा करावेत. काही देशांच्या कायद्यात सेवा देणाऱ्याइतकीच जबाबदारी कर्ज देणाऱ्यावरही असते. ब्रिटनचा १९७४ चा ग्राहक कर्ज कायदा ठरावीक रकमांच्या व्यवहारांना असं संरक्षण देतो. तुमच्याकडे काय आहे, ते ग्राहक मंचात किंवा वकिलाला पहिल्या भेटीतच विचारा. सोबतच दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टकडून, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाकडून, ‘किती काम झालं, किती राहिलं’ असा लेखी अहवाल घ्या. तारा तशाच सोडून महिनोन्‌महिने बसू नका, दात भलतीकडे सरकतात आणि तारांभोवती कीड धरते.

उपचार लांबणार असेल, तर पूर्ण रक्कम आगाऊ देणारं कर्ज शक्यतो घेऊच नये. तारांचा खर्च सुरुवातीला एक रक्कम आणि पुढे दरमहा भेटीला थोडी, असा दवाखान्याशीच थेट ठरवता येतो. इम्प्लांटसारख्या (हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात) कामात टप्पे स्वच्छ असतात, पैसेही टप्प्याटप्प्याने द्यावेत.

प्रश्न : विमा आहे, तरी दावा नाकारला. कारण दिलंय ‘दात आधीच गेलेला’. बाकीच्या शरीराचा विमा चालतो, मग दातांचाच का नाही?

उत्तर : पत्रातल्या कारणाचा अर्थ असा की पॉलिसी सुरू होण्याआधी पडलेल्या दाताची जागा भरून देणार नाही. ही अट अनेक दंतविम्यांत असते. तो दात पॉलिसी घेतल्यानंतर काढला असेल, तर काढल्याच्या तारखेचं बिल आणि त्याआधीचा एक्स-रे जोडून फेरविचाराचा अर्ज करा. नुसत्या चुकीच्या तारखेमुळे नाकारलेले दावे मंजूर होऊ शकतात.

दंतविमा वाचायची रीत थोडी उलटी आहे. साध्या आरोग्यविम्यात छोटा खर्च तुमचा, मोठा कंपनीचा. दातांच्या विम्यात सफाई-तपासणीचा छोटा खर्च कंपनी आनंदाने देते आणि मोठ्या खर्चावर वार्षिक मर्यादा घालते. एक रूट कॅनाल आणि एक कॅप झाली की बऱ्याचदा त्या वर्षाची मर्यादा संपलेली असते. त्यात मोठ्या कामांना प्रतीक्षा काळ. शिवाय ‘सर्वांत स्वस्त पर्याय’ अशी अट : दाढेत तुम्ही दाताच्या रंगाचं फिलिंग केलंत, तरी पैसे चांदीच्या फिलिंगच्या दराने मिळतात. आणि ज्याला ‘डिस्काउंट कार्ड’ म्हणतात तो विमाच नव्हे, ठरलेल्या दवाखान्यांत फक्त सूट.

विम्याचा हप्ता भरण्याआधी एक साधी बेरीज करा. वर्षाचा हप्ता, अधिक बिलातला तुमच्या वाट्याचा हिस्सा, आणि समोर वार्षिक मर्यादा. फरक किरकोळ निघाला, तर तेवढेच पैसे दरमहा वेगळ्या खात्यात टाकणं जास्त हिताचं.

विमा असलाच, तर मोठ्या कामाची पूर्वमंजुरी मागा. पॉलिसीचं वर्ष संपत आलं असेल तर रूट कॅनाल या वर्षी आणि कॅप नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात, असं विभागून दोन वर्षांच्या मर्यादा वापरता येतात. फक्त अंतर काही आठवड्यांपेक्षा जास्त पडू देऊ नका. आणि कॅपची तारीख कॅपसाठी दात घासून आकार दिला तेव्हाची धरतात की कॅप चिकटवली तेव्हाची, हे कंपनीला आधी विचारा. कंपन्यांचे नियम यात वेगळे असतात.

आता तुमचा मोठा प्रश्न, दातांचाच विमा वेगळा का. दंतवैद्यक वैद्यकापासून फार पूर्वी वेगळं पडलं. १८४० मध्ये बाल्टिमोरला स्वतंत्र दंतमहाविद्यालय निघालं आणि शिक्षण, परवाना, दवाखाना, पैसा, सगळंच वेगळ्या वाटेने गेलं. ब्रिटनमध्ये १९४८ ला राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा दातांचे उपचारही मोफत होते. मागणी एवढी उसळली की १९५१ मध्ये कवळीला पैसे लावायचं ठरलं, आणि ही सेवा उभी करणाऱ्या अन्युरिन बेव्हन यांनी त्या वादात मंत्रिपद सोडलं. अमेरिकेत १९६५ ला ज्येष्ठांसाठी मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा आला, त्यात नेहमीचे दंतोपचार वगळलेलेच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे. एवढ्या सार्वत्रिक दुखण्याला ‘ऐच्छिक’ खर्चाच्या रकान्यात ठेवणं हा धोरणाचा दोष आहे. पत्र लिहिणाऱ्यांनी तो स्वतःच्या निष्काळजीपणाच्या खात्यावर टाकू नये.

प्रश्न : सात दातांचं काम सांगितलंय. एकदम सगळं करण्याइतके पैसे नाहीत आणि कर्ज नको आहे. कुठून सुरुवात करू?

उत्तर : डॉक्टरांना स्पष्ट सांगा, “मला टप्प्यांचा आराखडा हवा आहे. कशाला थांबलं तर नुकसान होईल आणि कशाला होणार नाही?” चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही.

पहिला क्रम पस आणि ठणका असलेल्या दाताचा. तो वाचवायचा की काढायचा हे त्याच वेळी ठरवा. भिंती जवळजवळ उरल्याच नसतील, तर रूट कॅनाल आणि कॅपवर पैसे घालून दोन वर्षांत तो गमावण्यापेक्षा आत्ता काढलेला बरा.

त्याच्या मागोमाग, लहान किडी. बहुतेक लोक नेमकी इथे चूक करतात. दुखत नाही म्हणून लहान छिद्र मागे ठेवतात आणि दिसतं म्हणून पुढच्या दाताचं काम आधी करून घेतात. आज एका बैठकीच्या फिलिंगने मिटणारं छिद्र गरापर्यंत पोचलं, की तेच रूट कॅनाल, बिल्ड-अप आणि कॅप होतं. मग दाढ काढून इम्प्लांट. पायरीगणिक खर्च कित्येक पटींनी वाढतो. सातपैकी चार लहान किडी असतील, तर त्या चार आधी बुजवणं ही तुमची सर्वांत मोठी बचत आहे.

सगळी एकदम बुजवायलाही पैसे नसतील, तर दोन स्वस्त साधनं विचारा. एक, ग्लास आयोनोमर सिमेंट : हाताच्या अवजाराने मऊ कीड खरवडून ते भरता येतं, मशीन आणि बऱ्याचदा भूलही लागत नाही. दुसरं, ३८ टक्क्यांचं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. छिद्र कोरडं करून ब्रशने त्याचा एक थेंब मिनिटभर लावतात आणि कीड बहुतेक वेळा जागच्या जागी थांबते. किडका भाग कायमचा काळा पडतो, म्हणून पुढच्या दाताला लोक नको म्हणतात. मागे काय फरक पडतो? सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. गर उघडा पडलेल्या किंवा ठणकणाऱ्या दाताला ते चालत नाही, चांदीची ॲलर्जी असलेल्यांनाही नाही. ही दोन्ही साधनं आणि फ्लोराइडची टूथपेस्ट जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत २०२१ पासून आहेत. तरी पुष्कळ दवाखान्यांत ती आपणहून सुचवली जात नाहीत. नाव घेऊन विचारा.

तिसरा क्रम हिरड्यांचा : रक्त येत असेल तर सफाई. सैल हिरडीवर महाग कॅप बसवणं म्हणजे खचलेल्या पायावर मजला चढवणं. कॅपा, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात), इम्प्लांट त्यानंतर. पांढरे करणं आणि आकार सुधारणं अगदी शेवटी.

दंतमहाविद्यालयाचा दवाखाना जवळ असेल, तर जरूर जा. विद्यार्थी काम करतात, प्रत्येक टप्पा शिक्षक तपासतात, म्हणून एका भेटीचं काम तीन भेटींत होतं. खर्च मात्र बराच कमी येतो. अवघड दाढ असेल तर पदव्युत्तर विभागात नाव नोंदवा.

घरी करण्याचं : १,००० ते १,५०० पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग, ते माप) फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा. घासून झाल्यावर थुंका, पण पाण्याने खळखळून चूळ भरू नका, फ्लोराइड दातावर राहू द्या. पेस्टच्या नळीच्या मागे पीपीएमचा आकडा छापलेला असतो. गोड खाण्याचं प्रमाण महत्त्वाचं आहेच, पण दिवसातून किती वेळा तोंड गोड होतं ते त्याहून महत्त्वाचं. दर वेळी तोंडातलं आम्ल वाढतं, पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तेवढं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातलं खनिज विरघळू लागतं, आणि सावरायला लाळेला अर्धा-पाऊण तास लागतो. दिवसभर घोट घोट घेतलेलं गोड पेय म्हणून फार महागात पडतं.

प्रश्न : पैसे जमेपर्यंत अँटिबायोटिक घेऊन दिवस काढले तर?

उत्तर : नका. दुखऱ्या गराच्या ठणक्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि मेलेल्या गरात रक्तपुरवठाच नसल्याने औषध तिथे पोचत नाही. बरं वाटलं तरी मूळ तिथेच असतं. प्रौढांसाठी इबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० ते १,००० मिलिग्रॅम ही जोडी ठणक्यावर चांगली चालते. सहा ते आठ तासांचं अंतर ठेवा आणि पॅरासिटामॉल २४ तासांत ४,००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गर्भारपण असेल तर इबुप्रोफेन टाळा. यकृताचा आजार असेल तर दोन्हींबाबत डॉक्टरांना विचारा. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका, तिथली त्वचा भाजते.

सूज गळ्याकडे किंवा डोळ्याकडे पसरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, जिभेखालचा भाग टणक होऊन वर उचलला गेला, तर पैशांचा विचार बाजूला ठेवून त्याच क्षणी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. हा संसर्ग श्वास बंद करू शकतो.

प्रश्न : सर्वांत मागची दाढ काढली. इम्प्लांट घेतलं नाही तर बाकीचे दात पडतील असं सांगून कर्जाचा अर्जच पुढे केला.

उत्तर : असं सरसकट होत नाही. चावण्यासाठी तोंडात २० तरी चांगले दात असले, तर बहुतेकांचं नीट भागतं. दुसरी दाढ (अक्कलदाढेच्या अलीकडची) गेली, पहिली शाबूत आहे, दुसऱ्या बाजूने चावता येतं, तर ती जागा मोकळी ठेवणं हा मान्य पर्याय आहे. समोरच्या जबड्यातली दाढ हळूहळू खाली किंवा वर सरकू शकते, म्हणून वर्षाला एकदा पाहून घ्यायचं. पहिली दाढ किंवा पुढचा दात गेला असेल, तर मात्र जागा भरण्याचा विचार करावा. त्यातही काढता येणारा दात सर्वांत स्वस्त, ब्रिज मधला. शेजारचे दात कोरे करकरीत असतील तर ब्रिजसाठी ते घासावे लागतात, हा त्याचा तोटा.

इम्प्लांट घ्यायचंच ठरलं, तर जाहिरातीतला आकडा बहुधा फक्त हाडात बसणाऱ्या टायटॅनियमच्या स्क्रूचा असतो. त्यावर अबटमेंट नावाचा जोड, त्यावर कॅप, आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे), हाड कमी असेल तर बोन ग्राफ्ट (हाडाची भर), या सगळ्याच्या ओळी वेगळ्या मागा. स्क्रू हाडात पक्का व्हायला साधारण ३ ते ६ महिने लागतात, म्हणून पैसेही दोन टप्प्यांत द्यायला हरकत नसते. स्क्रू धरलाच नाही तर पुन्हा बसवण्याचा खर्च कुणाचा, हे आधी लिहून घ्या. धूम्रपान करणाऱ्यांत तो धोका जास्त.

आणि इम्प्लांटच्या पाकिटावरचं लहान स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी आणि लॉट क्रमांक असतो. आठ वर्षांनी आतला स्क्रू सैल झाला, तर तो पिळायला लागणारा ड्रायव्हर कंपनीगणिक वेगळा असतो. स्टिकर असेल तर पाच मिनिटांचं काम. नसेल तर नवा डॉक्टर एक्स-रेवरून कंपनी ओळखत बसतो आणि प्रसंगी चांगली कॅप फोडावी लागते. दुसऱ्या देशात स्वस्तात इम्प्लांट करून येणाऱ्यांनी हे स्टिकर, स्कॅनची फाइल आणि एक्स-रे घेतल्याशिवाय परत फिरू नये.

प्रश्न : डॉक्टरांसमोर पैशांचं बोलायला जीभ रेटत नाही. काय म्हणावं?

उत्तर : खुर्चीत आडवं पडून, तोंडात कापूस असताना हे बोलणं होत नाही. उठून बसा, किंवा बाहेर टेबलाशी बोला. चार वाक्यं पुरतात : “आज फक्त दुखणं थांबवा, बाकीचं मी आराखडा पाहून ठरवेन.” “यापेक्षा कमी खर्चाचा पर्याय कोणता आणि त्याचा तोटा काय?” “सगळे पैसे एकदम दिले तर किती, आणि कर्जाशिवाय तुमच्याकडेच तीन-चार भागांत दिले तर चालेल का?” “एक्स-रेची प्रत मला द्या, मी दुसरं मत घेणार आहे.” एक्स-रे फोनवर फोटो काढून घेऊ नका, मूळ फाइल ईमेलने मागा, फोटोत मुळाचं टोक धूसर होतं आणि दुसरा डॉक्टर नवा एक्स-रे काढतो, त्याचे पैसे पुन्हा तुम्हालाच पडतात.

कर्जाचा अर्ज त्याच दिवशी भरण्याचा आग्रह झाला, तर अर्ज घरी घेऊन या. ‘ही सूट फक्त आजच’ असं सांगणाऱ्याला सूट लेखी द्यायला सांगा. ठणका थांबवण्याचं काम अर्ध्या तासाचं असतं आणि त्याचे पैसे वेगळे देता येतात. कॅप कशाची घ्यायची, ते ठरवायला आठवडाभर आहे.